ओर्लाच्या घरातला तो प्रसंग

आज शनिवार, अठरा ऑक्टोबर. सकाळी चित्रपटवाल्यांचे ट्रक धक्क्यावरून निघाले, दुपारभर वारा होता, आणि संध्याकाळी आपण निरोपासाठी इथे जमलो.

सन्माननीय अध्यक्ष फादर डेक्लन, व्यासपीठावरील दिग्दर्शिका हेलन ब्रॅकेटबाई, त्यांचे सहकारी आणि किलबारातील माझ्या शेजाऱ्यांनो,

मी औषधाच्या दुकानात आयुष्य काढलेला माणूस. लेखिका होती ती माझी बहीण, ओर्ला. एकोणिसाव्या वर्षी ती लंडनला गेली आणि तिथे बसून आयुष्यभर याच गावावर लिहीत राहिली. तिच्या कादंबऱ्यांवर आधी दोन चित्रपट झाले, दोन्ही इंग्लंडात. पहिल्यातले आमचे वडील इतके देखणे होते की आईने ते कोण म्हणून विचारलं. हा तिसरा मात्र आमच्याच घरात झाला. तो पाहायला ओर्ला राहिली नाही. फेब्रुवारीत ती लंडनमध्येच वारली आणि तिच्या इच्छेनुसार तिथेच, मोजक्या माणसांत, दहन झालं. मृताजवळ रात्रभर बसायची आपली रीत, पण इथे तिच्यासाठी कुणी जागलं नाही.

गेले काही आठवडे माझ्या घरात कोण वावरत होतं, हे मला नीट सांगता येणार नाही. एकदा जिन्यावरून निळ्या कोटातली मुलगी उतरली. मी हाक मारली, "ओर्ला." ती नटी होती, हे मला ठाऊक होतं. ती थांबली आणि म्हणाली, "हो, आले."

मग चित्रपटातला, आई गेल्यानंतरच्या जागरणाचा प्रसंग आला. खाटेवर एक नटी डोळे मिटून निजली होती. ब्रॅकेटबाईंनी गावकऱ्यांना सांगितलं, रांगेने या, घरच्यांचा हात हातात घ्या, काहीही पुटपुटा, आवाज नंतर भरू. घरच्यांत एक म्हातारा कमी पडत होता म्हणून मला बसवलं.

कॅमेरा सुरू झाला. पहिली आली शेजारची नोरीन. तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "ओर्लाचं फार वाईट झालं रे, फिंटन."

मागचा प्रत्येक जण तेच बोलत आला. खाटेकडे कुणी पाहिलंच नाही. मॅट बार्टली, जो दुसऱ्या कादंबरीपासून आमच्या घरची पायरी चढला नव्हता, तोही आला. "पुस्तकातला तो नावाडी मीच ना?" त्याने हळूच विचारलं. मी मान डोलावली. "बरोबर लिहिलं होतं पोरीने. पण एवढी पीत नव्हतो मी." आणि माझा हात सोडेना.

रांग संपली. उजेड चुकला होता, प्रसंग पुन्हा घ्यावा लागेल, असं बाईंनी सांगितलं. कुणी जागचं हललं नाही. नोरीन म्हणाली, "बाई, माणूस एकदाच मरतं. त्याला उठवून पुन्हा निजवायची आमच्यात रीत नाही."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी नको म्हटलं. तो प्रसंग गेला तर चित्रपटाचा कणाच जाईल, हे मला कळत होतं. त्यांनी दिवे बंद करवले. मग त्या रांगेच्या जागी एकट्याच येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी माझा हात हातात घेतला. आज मी बोलायला उभा आहे तो एवढ्यासाठीच.

नंतर त्यांनी विचारलं, चुकलेल्या उजेडातलं ते चित्र तसंच वापरू, की पुसून टाकू? तुम्ही म्हणाल तसं. आठवडाभर मी उत्तर दिलं नाही. आता देतो. बाई, चित्र ठेवा. ओर्लाला ते आवडलं असतं. शब्द मात्र दुसरे भरा, पुस्तकातले. त्या दिवशी बोलले गेले ते माझे आहेत. ते माझ्याकडे राहू द्या.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. कुणाचं नाव राहिलं असेल, काही कमीजास्त बोललो असेन, तर म्हाताऱ्याला सांभाळून घ्या. आतल्या खोलीत चहा आणि नोरीनचा केक आहे. कप तिथेच टेबलावर ठेवून जा. सगळे गेले की मी धुवून ठेवीन. मदतीला कुणी थांबू नका.