डोक्यासकट पापलेट

माझं म्हायेर कागलकडचं, शेतकऱ्याची लेक मी, समुद्र अजून डोळ्यानं बघितला न्हाय, आणि जल्म गेला समुद्राचं मासं विकण्यात. काय सांगू तुम्हाला पावणं, लगीन होऊन कोल्हापुरात आले तर सासूनं पहिल्याच दिवशी हातात पापलेट दिलं आणि म्हणाली, नवऱ्याचं तोंड नंतर बघ, ह्याचं आधी बघ. एवढंसं तोंड, बोट घातलं तर दात लागत न्हाईत, पोटाखाली पर न्हाईत, अंगावरची चांदी हाताला लागती, गळ्यापाशी दाबून पांढरं पाणी आलं तर ताजं, लाल आलं तर फेकून दे. आणि मधला काटा सोडला तर आत बारीक काटं न्हाईत, म्हणून तर आयाबाया लेकरांसाठी पापलेटच मागत्यात.

पण हितली माणसं! बकऱ्याची मुंडी चोखून खात्यात, आणि माशाचा डोळा बघितला की तोंड फिरवत्यात. मावशी, डोकं काढून ठेवा की, बघतंय ते आमच्याकडं. ऐकून ऐकून कटाळा आला, मग मीच सकाळी समद्यांची डोकी उडवून मांडायला लागले. माझीच अक्कल, शिव्या कुणाला देऊ? देती म्हणा, दिराला देती.

दीर शेजारच्या कट्ट्यावर बसतोय. माझं बघून त्यानं काय केलं, रूपचंद आणलं. तळ्यात पाळलेलं, पोट लाल, दात माणसावानी, आत काट्यांचं रान. डोकं उडवलं, लाल पोट कापून टाकलं, तुकडं केलं, झालं पापलेट! म्या म्हटलं, मुडद्या, देवाला तरी भी. तर म्हणतोय कसा, वैनी, डोकं काढायचं तुम्हीच शिकीवलं की.

एक बाई त्याच्याकडनं घेऊन गेली, आणि तिच्या पोरीच्या घशात काटा अडकला, दवाखान्यात न्यायला लागलं. वाचली पोरगी. दुसऱ्या दिवशी बाई भांडायला आली ती माझ्या कट्ट्यावर, का तर पाटीवर आडनाव एकच. नवरा म्हणतोय, गप बस, घरातलं हाय. कसलं घरातलं? घसा त्या लेकराचा हुता! तवापासनं दिराशी बोलणं बंद, आणि नवऱ्याला भाकरी वाढती, मासा वाढत न्हाय. मागू दे की, मग बघते.

आता मी डोक्यासकटच मांडती. निम्मं गिऱ्हाईक दिराकडं गेलं, जाऊ दे तिकडं. परवा तीच बाई आली, पोरगी आईमागं लपलेली. मावशी, म्हणाली, तेवढं डोकं काढून ठेवा, मग बघतो, पोरगी भितीया. म्या म्हटलं, भिऊ दे. हिकडं ये गं, घाल बोट त्याच्या तोंडात, दात लागत्यात का सांग. पोरीनं डोळं मिटून घातलं. न्हाईत, म्हणाली. मग तिच्यादेखत डोकं उडवलं, आणि तेबी पिशवीत टाकलं.

दीर बघत हुता. म्हटलं, बघ, डोळं फुटंस्तवर बघ.