ओव्हनमधला बाविसावा

नाही, पण मला एक सांगा, ज्या माणसाने अख्ख्या हंगामात एक काडतूस झाडलं नाही, बंदूक कपाटात, खुबा नवीन बसवलेला, हातात वॉकर, मोजा चढवायचा तरी बायकोला हाक मारायची... त्या माणसावर जास्त पक्षी बाळगल्याची पावती फाटते? आणि फाटते ती कोणाच्या हातून! सांगतो ना, सगळं सांगतो, ती खुर्ची ओढा, कॉफी घ्या, बसा.

तुम्हाला सांगतो, एकतीस वर्षं मी आमच्या चर्चच्या तळघरात शिकारीचा वर्ग घेतला. एकतीस! दर ऑगस्टमध्ये चाळीस घडीच्या खुर्च्या मांडायच्या मी, उचलायच्याही मीच, आणि आज पंचक्रोशीत ज्याच्या खांद्याला बंदूक आहे त्याला ती धरायला या वर्लिन ब्रेकीने शिकवलंय, पाद्रीसुद्धा त्यात आला, अर्थात नेमबाजी त्याची देवाच्या भरवशावर. आणि पहिल्या दिवशी फळ्यावर पहिलं वाक्य काय? 'मारणं वेगळं, बाळगणं वेगळं!' कारण लोकांच्या डोक्यात काय असतं, की फेझंट, म्हणजे तो रानकोंबड्यासारखा पक्षी, दिवसाला तीन, म्हणजे आज तीन, उद्या तीन, परवा तीन, चालू दे, भर फ्रीजर! अरे बाबा, तीन ही झाली दिवसाला मारायची हद्द. ताब्यात ठेवायचे किती? बारा! मग ते गाडीत असोत, फ्रीजरमध्ये असोत, नाहीतर सासूच्या आइस्क्रीमखाली लपवलेले असोत, सगळे धरून बारा. बारा झाले की बंदूक पुसून ठेवायची आणि खायला बसायचं. खाल्ला की एक कमी. नाहीतर कोणाला तरी द्यायचा, पण मग तो त्याच्या बारांत मोजायचा, आणि देताना चिठ्ठी लावायची: कोणी मारला, कधी मारला, किती, कोणाला दिला, खाली सही. यातली 'कोणाला दिला' ही ओळ सरकारची नाही बरं का, ती माझी! मीच घातली. लोक म्हणायचे, "वर्लिन, कशाला रे एवढं?" म्हटलं असू दे, कधीतरी उपयोगी पडेल. पडली ना!

आता ही जनेल. आमच्या शेजारच्या डेलमारची मुलगी, बारा वर्षांची असताना माझ्या वर्गात आली, दोन वेण्या, पुढच्या रांगेत, उत्तर तोंडातच तयार. आणि परीक्षेत माझा ठरलेला प्रश्न: फ्रीजरमध्ये अकरा फेझंट आहेत, ओव्हनमध्ये एक आहे, आज आणखी किती मारता येतील? सोप्पं आहे की नाही? अकरा आणि एक बारा, घरी बसा! हिने लिहिलं 'एक'. मी बोलावलं, "जनेल, ओव्हनमधला कुठे गेला?" तर ही मान वर करून म्हणते, "मिस्टर ब्रेकी, तो कशाला मोजायचा? आता ते जेवण झालं ना?" जेवण झालं! अहो, पोटात जाईपर्यंत पक्षीच असतो तो! केली नापास. रडली, हुंदके देऊन रडली, आणि तिचा बाप दोन वर्षं माझ्याशी बोलला नाही. रस्त्यात समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरचं एक बोट उचलतो ना आपण, तेसुद्धा उचलेना! आर्डिस, म्हणजे आमची ही, म्हणाली, "एका कोंबड्यावरून शेजार घालवलास." म्हटलं, शेजार जाऊ दे, पोरगी चुकीचं शिकायला नको. पुढच्या वर्षी तीच पोरगी पैकीच्या पैकी मार्क घेऊन पास. आणि आज? आमच्या भागाची वॉर्डन आहे ती! शिकारखात्याची हिरवी टोपी, कमरेला बिल्ला. तिने शपथ घेतली त्या दिवशी मी पहिल्या रांगेत होतो, आणि डोळ्यांतून असं पाणी, की डेलमारने स्वतःचा रुमाल दिला. वापरलेला होता, पण दिला.

तर गेल्या सप्टेंबरात माझा खुबा बदलला. अठ्ठावन्न वर्षांत पहिला हंगाम हुकला, सकाळी मक्याच्या शेतातून बार ऐकू यायचे आणि मी खिडकीत पांघरूण घेऊन बसलेला, जीव नुसता तुटायचा. आणि लोक काय चांगले हो! ज्याला शिकवलं तो प्रत्येक जण दारात. "मिस्टर ब्रेकी, दोन आणलेत, चिठ्ठी लावलीय, तुम्ही शिकवलीत तश्शी!" आता आमच्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे, पहिल्यांदा दिलं की म्हणायचं, "छे छे, कशाला?" दुसऱ्यांदा म्हणायचं, "नको हो, तुमच्या पोरांना राहू दे." आणि तिसऱ्यांदाही नाही म्हटलं तर तो अपमान, माणूस पुन्हा तुमच्या दारात यायचा नाही. म्हणून तिसऱ्यांदा घ्यायचं. डेलमार तीन शनिवार आला, दर वेळी तीन. पाद्रीने एक आणला, त्यात छर्रेच इतके की दात सांभाळून खायचा. आणि बाकीचे कोण कोण. मी वर सोफ्यावर, छाती अशी फुगलेली, प्रत्येकाची चिठ्ठी चष्मा लावून वाचतोय, "वा, तारीखसुद्धा घातलीस, शाब्बास!" आणि आर्डिस पक्षी घेऊन जायची, पिसं काढायची, धुवायची, गुंडाळायची, चिठ्ठी वरून दोऱ्याने बांधायची आणि तळघरातल्या फ्रीजरमध्ये ठेवायची. तळघराच्या पायऱ्या चौदा. मला डॉक्टरने पायऱ्या बंद केलेल्या. म्हणजे पाहा, चिठ्ठ्या सगळ्या मी वाचल्या, सह्या सगळ्या मी तपासल्या... बेरीज कोणी केली? कोणीच नाही! फळ्यावर एकतीस वर्षं लिहिलेलं, मारणं वेगळं, बाळगणं वेगळं, आणि मला वाटलं मी मारतच नाहीये तर बाळगणार काय!

मग त्या शनिवारी जनेल आली. गणवेशात होती, कामावरून परस्पर. हातात दोन फेझंट, चिठ्ठी लावलेले. "मिस्टर ब्रेकी, तुमच्यासाठी." मी म्हटलं, "छे छे, कशाला?" दुसऱ्यांदा म्हटलं, "नको गं, तुझ्या बाबांना दे." तिसऱ्यांदा घेतले. आर्डिसचे हात पिठात. जनेल म्हणाली, "राहू द्या, मीच फ्रीजरमध्ये ठेवून येते." गेली. चौदा पायऱ्यांचा आवाज आला, झाकण उघडल्याचा आला... मग काहीच नाही. मग कागद चाळल्याचा आवाज. मग पुन्हा काही नाही. आर्डिस म्हणते, "आइस्क्रीम खातेय की काय?"

वर आली. पांढरीफटक. दोन्ही पक्षी अजून हातातच.

"मिस्टर ब्रेकी, खाली एकवीस आहेत."

म्हटलं, "एकवीस काय?"

"फेझंट. आणि हे दोन मी तुम्हाला देऊच शकत नाही."

म्हटलं, "अगं, पण मी एकही मारलेला नाही!" आणि तुम्हाला सांगतो, हे वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि मला ऐकू आलं, स्वतःचंच! एकतीस वर्षं माझ्यासमोर पोरं हेच म्हणत आली आणि मी हसत आलो. ती हळूच म्हणाली, "मारणं वेगळं..." पुढचं मीच म्हटलं, "...बाळगणं वेगळं. बरोबर."

आता म्हणाल, घरात माणसं दोन, आर्डिसच्या वाटचे बारा धरा, झाले चोवीस, एकवीस बसतात की आरामात! मीही तेच म्हणालो. जनेलने मान हलवली. "चिठ्ठ्यांवर 'कोणाला दिला' लिहिलंय, मिस्टर ब्रेकी. एकवीसच्या एकवीस तुमच्याच नावाचे." बघितलंत? माझी ओळ! आर्डिस मागून कडाडली, "पिसं काढली मी, धुतले मी, गुंडाळले मी, आणि नाव एकाही चिठ्ठीवर माझं नाही!" तिचंही बरोबरच होतं म्हणा.

हसताय तुम्ही, पण माझं सगळंच पणाला लागलं होतं. का, तर खात्याचा नियम, शिकवणाऱ्याच्या नावावर एक जरी पावती फाटली की वर्ग बंद. कायमचा. दंडबिंड गेला उडत हो, पण माझा वर्ग! तो फळा, त्या चाळीस खुर्च्या... या वयात माझ्याकडे स्वतःचं म्हणावं असं दुसरं होतंच काय? जनेललाही हे माहीत. ती म्हणाली, "पावतीपुस्तक गाडीत आहे, घेऊन येते." दाराशी बसली, बूट घातले, लेस बांधली, सोडली, पुन्हा बांधली. आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला जरा वेळ लागेल." गेली, गाडीत जाऊन बसली आणि समोरच्या धान्याच्या कोठाराकडे बघत राहिली, जणू ते कोठार आयुष्यात पहिल्यांदा बघतेय!

आर्डिसने कोरी चिठ्ठी आणि पेन माझ्यापुढे आपटलं. "लिही. 'नऊ आर्डिसला दिले.' कर सही."

"तारीख कुठली घालू?"

"कालची!"

"काल कुठे दिले?"

"वर्लिन, एकोणपन्नास वर्षांच्या संसारात तू मला दिलंस काय? नऊ फेझंट तरी दे!"

पेन घेतलं मी हातात. खोटं कशाला बोलू, घेतलं. 'नऊ' लिहायला कितीसा वेळ लागतो? पण खिडकीतून ती हिरवी टोपी दिसत होती, आणि मला त्या दोन वेण्या आठवल्या. एका पक्ष्यासाठी बारा वर्षांच्या पोरीला रडवलं होतं मी, आणि आता स्वतःवर आली तर नऊ गिळू? चिठ्ठी देताना लिहायची असते, सापडल्यावर नाही. ठेवलं पेन. आर्डिसने माझ्या खांद्यावर पिठाचा हात ठेवला, अजून त्या शर्टावर डाग आहे.

जनेल आली. आधी टेबलावर बघितलं. कोरी चिठ्ठी. डोळे भरले तिचे, म्हणाली, "काहीच लिहिलं नाहीत?" म्हटलं, "असं शिकवलं नव्हतं मी." मग बसली आणि लिहायला लागली, अक्षर सुरेख. लिहून पावती माझ्यापुढे सरकवली. मी चष्मा लावला. सवयच ती, कागद समोर आला की तपासायचा. आणि बघतो तर...

"जनेल, चूक आहे."

"कुठे?"

"एकवीस लिहिलंयस."

"एकवीसच आहेत, दोनदा मोजले मी!"

म्हटलं, "तुला वास येत नाही का गं?"

आणि अहो, सगळं स्वयंपाकघर घमघमत होतं, सायीतला फेझंट, कांदा, मशरूम, आर्डिसने दुपारपासून ओव्हनमध्ये ठेवलेला! जनेलने ओव्हनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, कानापर्यंत लाल झाली आणि माझी शपथ, तेच म्हणाली, तश्शीच मान वर करून: "मिस्टर ब्रेकी... आता ते जेवण झालं ना?"

तिला विसर पडला होता की माझ्यावर दया करत होती, मी विचारलं नाही, विचारणारही नाही. म्हटलं, "पोटात जाईपर्यंत पक्षी! खोड ते. बावीस लिही." आर्डिस किंचाळली, "वर्लिन, तुला वेड लागलंय का!" पण पोरीने खोडलं, बाजूला सही केली, बावीस लिहिलं. आणि ती हसली, डोळ्यांत पाणी आणि हसतेय, मीही हसतोय, आर्डिस एकटी रागाने ओव्हनकडे पाठ करून उभी. इतका अभिमान मला आयुष्यात वाटला नाही, तुम्हाला सांगतो. स्वतःच्या गुरूची पावती फाडणारी पोरगी तयार केली मी! आहे कोणाकडे?

बारा ठेवले माझ्याकडे, दहा जप्त. आणि आर्डिसने ताटं मांडली, म्हणाली, झालं ना मोजून, आता जेवा. तर जनेल म्हणते, "मिसेस ब्रेकी, ओव्हनमधला... त्याचीही नोंद झालीय, पुरावा आहे तो." नेला! सायीसकट, कांद्यासकट, भांड्यासकट! आम्ही दोघांनी नुसते बटाटे खाल्ले. दुसऱ्या दिवशी भांडं परत आलं, घासलेलं, आणि आमच्याकडे कोणी कोणाचं भांडं रिकामं पाठवत नाही, तर त्यात खजुराच्या वड्या होत्या. डेलमारने स्वतः आणून दिलं. जाताना गाडीतून एक बोट नाही, अख्खा हात वर केला त्याने.

वर्ग गेला. नियम म्हणजे नियम. या ऑगस्टपासून जनेल घेते. मी चर्चच्या तळघरात मागे बसतो, खुर्च्या मांडतो, कॉफी करतो. ती फळ्यावर पहिलं वाक्य माझंच लिहिते, मारणं वेगळं, बाळगणं वेगळं, आणि मग म्हणते, "समजा, एक म्हातारे गृहस्थ आहेत, खुबा नवीन, एकही पक्षी मारलेला नाही..." आणि चाळीसच्या चाळीस पोरं मान वळवून माझ्याकडे बघतात! अहो, एकतीस वर्षं मी घसा कोरडा केला, तरी त्या ओव्हनच्या प्रश्नात निम्मा वर्ग नापास व्हायचा. यंदा? एकही पोर चुकलं नाही. मला आधी कोणी सांगितलं असतं, तर पहिल्याच वर्षी पकडला गेलो असतो.