माही नजर आन् कोकिळाची बकरी

नाही नाही, दूध टाकाले इसरलो नाही भाऊ, कोराच चहा आहे तो... प्या! दूध देनारी बकरी गेली उमरखेडले, धावजीच्या दावनीले! आन् काहून गेली? शंकरपटात शर्यतीच्या बैलाची जोडी निवडनं लोकाईले मेथीची जुडी निवडन्यासारखं वाटते म्हणून! तुम्हाले सांगतो, जनावर ओयखाले नजर लागते, नजर!

पन फुलसावंगीच्या पटात पैज लावाले येते कोन? एक म्हणते शेपटी पाहा, एक म्हणते शेन पाहा... शेन! अबे, बैल काय शेनावर धावते? तिसरा मोबाइल नाकाशी धरते, 'काका, मागच्या पटात कशी सुटली पाहा ही जोडी!' अरे, तवा जोडी सुटली, आता तिचं पोट सुटलं असंन तं? मी तसा नाही. मी जोडीभोवती तीन चकरा मारतो, खूर दाबतो, कपायावरच्या केसाची गोम पाहतो, मंगच बोट ठेवतो. आन् पैजा लावनारा हरिसिंग माह्या मांगं मांगं, 'या सदाशिवराव, आलुबोंडा घ्या, आज कोनाची जोडी?' मी सांगलं का तो पयतच सुटे! मले वाटे, वा, काय भरोसा आहे मानसाचा!

कायचा भरोसा... मागच्या साली मी मंडपाच्या मांगं उभा, तं हरिसिंग वरडून राह्यला, 'सदाशिवरावनं पांढरीवर बोट ठेवलं रे! पांढरी सोडा, दुसरी धरा!' म्हणजे बारा वर्सं हे लोक मले आलुबोंडे चारून उलटं धरत होते! आन् बारा वर्सात माही चूक एक डाव चुकली नाही भाऊ! लाज वाटली मले, लय लाज वाटली... पन जनावर ओयखाले नजर लागते, हे कोनाले सांगता?

यंदा तं घरचीच जोडी पटात! माहा साळा राजकुमार, कोकिळाचा धाकटा भाऊ. त्यानं सालभर बैलाईले दूध-अंडे चारले आन् सोता चटनी-भाकर खाल्ली. मीही रोज जाऊन खिशातून सरकीची ढेप चारे. अखेरच्या फेरीत राह्यल्या दोन जोड्या. एक आपली, एक धावजीची, जिच्यातला एक बैल उभ्या उभ्याच झोपून राह्यला होता! आता हे ओयखाले काय पंडित लागते? मी तोंड उघडतो, तं कोकिळानं हातच धरला, 'अहो, तुमच्या पाया पडते, माह्या भावाचं नाव घेऊ नका! धावजीचं घ्या!'

आता सांगा! सोताच्या बायकोनं असं म्हनावं? पन घरासाठी मानूस काय नाही करत... गेलो मंचावर, माइक हिसकला, 'धावजीची जोडी! सदाशिवरावचा शब्द!' झालं! सगयं गाव धावलं राजकुमारवर पैज लावाले. धावजी रडकुंडीले आला, 'भाऊ, म्या काय बिघडवलं तुमचं? बोट मांगं घ्या ना!' आन् कोकिळा एवढी खुश, का तिनं तिथंच त्याच्यासंगं आपली दुभती बकरी पैजेवर लावली. हरनार हे माहीत असून त्यानं रडत रडत हो म्हटलं, इज्जतीचा सवाल होता ना!

झेंडी पडली. आपली जोडी अशी सुटली, अशी सुटली, का धावजीनं डोयेच झाकले! मी अर्ध्या वाटेवर, दोराजवय, नाचून राह्यलो... आन् बैलाईनं मले पाहलं. पाहलं का नाही, वयले! राजकुमार कासरा ओढून राह्यला, बोंबलून राह्यला, कोन आयकते? दोघाईचे थोबाडं माह्या खिशात! ढेपीचे दोन तुकडे होते हो, दोनच! आन् धावजीची झोपाळू जोडी बाजूनं फिराले निघाल्यासारखी निंघून गेली.

हरिसिंग म्हणे, 'सदाशिवराव, तुमच्यावर तं आता उलटाही भरोसा ठेवता येत नाही!' धावजीनं शाल पांघरली मले, जानकार म्हणून! तेरा वर्सात पहिल्यांदा माहा शब्द खरा निंघाला, आन् घरात कोनी बोलाले तयार नाही. काल म्याच इचारलं कोकिळाले, म्हटलं, जनावर ओयखाले नजर लागते हे खरं, पन एवढ्या गर्दीत त्या बैलाईनं मलेच कसं ओयखलं? तं म्हणते, 'आपल्यातलाच वाटला असंन!'

...प्या, प्या, थंडा होते.