चौथा गट

आकड्यांचं कौतुक मला सांगू नका! धुळ्यात माझी लॅब आहे. कानाखालच्या लाळग्रंथीच्या गाठीत सुई टोचून तपासलं, की "गाठ संशयास्पद वाटते" असं मोघम लिहायची पद्धत. ती मी हट्टानं बंद केली आणि जगभर ठरलेले एक ते सहा गट छापायला लागलो. पहिल्याच रिपोर्टवर आला चौथा. दुसऱ्या दिवशी तो रिपोर्ट ज्यांचा, ते साक्रीकडचे नाना सगळं घर घेऊन दारात.

"डॉक्टर, चौथी स्टेज शे ना? मंग ऑपरेशन कसाले?"

"नाना, स्टेज नाही, गट! तुमचा चौथ्यातला 'अ', म्हणजे साधी गाठ. काढून टाकायची. कॅन्सरचा गट सहावा."

त्यांची मुलगी रडतच म्हणाली, "मग हा मेला आकडा खोडा ना!"

"खोडणार नाही, ताई. मुंबईच्या सर्जनलाही तोच अर्थ कळला पाहिजे. खाली मराठीत लिहून देतो, पण आकडा राहणार."

नाना सावरून बसले. "पहिला गट म्हंजे एकदम चांगलं ना? तोच द्या."

"पहिला म्हणजे सुईत काही आलंच नाही. पुन्हा टोचायचं."

नानांनी गाठ हातानं झाकली.

"ऱ्हाऊ द्या. चौथाच बरा शे!"