तुटक्या पट्टीने मोजलेली खिडकी

झोटवाड्याच्या बसमध्ये विनयाच्या मागच्या सीटवर मायलेकी बसल्या होत्या. दोघींच्या मध्ये जुन्या चादरीत गुंडाळलेली खिडकीची काच उभी होती. जयपुरात मराठी कानावर पडलं की विनयाचं वाचन आपोआप थांबायचं.

"उत्कर्षा, काच बसेल ना गं नीट?"

"बसणारच. मी स्वतः मोजलंय, आई."

"त्या तुटक्या पट्टीनं?"

"तुटकी असली म्हणून काय झालं? सायन्सच्या मॅमनी सांगितलंय, शून्याचं टोक तुटलं असेल तर एकपासून मोजायचं आणि शेवटी एक सेंटिमीटर वजा करायचा."

"माझी वीत काय वाईट होती?"

"वीत प्रत्येकाची वेगळी असते. सेंटिमीटर मतलब सगळीकडे सारखा!"

"बरं बाई. पण एवढ्याशा पट्टीनं अख्खी खिडकी कशी मोजलीस?"

"एकापुढे एक तीनदा लावली. तीस, साठ, नव्वद. त्यातून एक वजा. एकोणनव्वद."

"दर वेळी एकपासूनच लावलीस?"

"मग? शून्य तर नाहीच."

"आणि वजा एकदाच केलास?"

मागून पुटपुट ऐकू आली, "एकोणतीस, अठ्ठावन्न, सत्त्याऐंशी..." विनयाने मान वळवली नाही.

"भैया, रोकना! उतरना है!"

"अगं, मध्येच कुठे?"

"काचवाल्याकडे परत. दोन सेंटिमीटर जास्त आलीये."

"त्याला एवढं छातीठोक सांगून आलीस. आता लाज नाही वाटणार?"

"कशाला? मोठी काच कापून घेता येते, आई. लहान आली असती तर वाटली असती. चल, तू ते टोक धर."