पावरी बातम्यांचा एकुलता प्रेक्षक

हसू नका, पण आमच्या पावरी भाषेतल्या बातम्यांना पुण्याजवळच्या आख्ख्या चिखलीत मला एकच प्रेक्षक मिळाला.

मी परदेशात शिकलो तिथे आदिवासींचं स्वतःचं टीव्ही चॅनल आहे आणि खर्च सरकार करतं. आपल्याकडेही ते व्हायलाच हवं, या वेडानं मी परत आलो. सरकारकडे अर्ज करायचा, तर सोबत नमुन्याच्या बातम्या आणि एखाद्या पावरी बोलणाऱ्याचा अभिप्राय हवा होता. बातम्या मीच वाचल्या. सहाव्या वर्षी वसतिगृहात गेलो तशी माझी पावरी सुटली, म्हणून गावाकडच्या मावशीनं फोनवर सांगितलेलं शब्दन्‌शब्द लिहून घेतलं होतं.

प्रेक्षक म्हणजे रुमालदादा, चाकणच्या कंपनीत लोडिंगला. त्याच्या खोलीत बाकी सगळे हिंदी बोलणारे. मी लॅपटॉप लावला. पडद्यावर मी नमस्कार केला, तर दादानंही हात जोडले. आमच्याकडच्या धडगावच्या बाजाराची बातमी आली आणि तो पडद्याशी बोलायलाच लागला.

मग हसत माझ्याकडे वळला आणि पावरीत भरभरून काहीतरी विचारलं.

“दादा, मराठीत सांगा ना.”

त्याचं हसू थांबलं. “तू पावराच ना?”

“हो.”

“अन् टीव्हीत तूच?”

“मीच. दादा, अभिप्राय काय लिहू?”

“ते मागून लिही,” तो म्हणाला. “आधी परत लाव. मी त्याच्याशीच बोलतो.”