परतीचं विमान

दुपारी दोन वाजता अतिदक्षता विभागाबाहेर एक बाई मोबाइलवरच्या खेळात विमान कंपनी चालवत होत्या. नवरा आत बेशुद्ध होता. शेजारी धाकटा दीर बसला होता.

“वहिनी, खेळच आहे तो. चार घास खाऊन घ्या.”

“भावजी, आपण खेळलो नाही तरी यातली विमानं उडतच राहतात. उठल्यावर कंपनी बुडालेली दिसली, तर तुमचा दादा माझं डोकं खाईल.”

“जमतंय का?”

“काल एक विमान पाठवलं आणि परतीचं उड्डाण लावायचंच विसरले. बसलं तिकडेच.”

“दादा पोट धरून हसला असता.”

“सकाळी पाहिलं, तर परतीचं कुणीतरी लावलेलं. तुम्ही का?”

“मला पासवर्ड कुठे माहीत? तुम्हाला, नाहीतर दादाला.”

“तेच म्हणते.”

“तुमच्याच हातून लागलं असेल. झोप कुठे आहे तुम्हाला?”

“असेल. मग हे बघा, आत्ताच आलंय. नवीन उड्डाण, आणि वैमानिक म्हणून यांचं नाव.”

“परत कधी येतंय?”

“परतीचं लावलेलंच नाही.”

“मग तुम्ही लावा ना.”

“लावतेय. घेत नाही.”

दार उघडलं. नर्सने बाईंना आत बोलावलं. मोबाइल दिराच्या हातात राहिला. तो परतीचं उड्डाण पुन्हा पुन्हा लावत होता. विमान अजून धावपट्टीवरच होतं.